आमच्या घरात काही संपत नसे

माझ्या सुनेच्या घरी भलामोठा फ्रीज आहे. त्याच्या वरच्या खणात नुसतं बर्फाचं राज्य. परवा तो खण इतका ठासला गेला की दार लागेना, तेव्हा माझा मुलगा आणि सून जमिनीवर फतकल मारून बसले आणि एकेक पुडकं काढून ओळखायला लागले. हे मटार की ओले वाल? ही चटणी का? छे, चटणी कुठली, मागच्या गणपतीचं सारण आहे! मग सूनबाईंनी जाहीर केलं की आता आठवडाभर बाजारातून काही आणायचं नाही, हेच संपवायचं, अन्न टाकायचं कशाला. मी म्हटलं, बाई गं, तुम्ही खा, मला पिठलं-भात कर. माझ्या वाट्याचं जुनंपुराणं मी परकर नेसत होते तेव्हाच खाऊन ठेवलंय. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

आमच्याकडे फ्रीज नव्हता, आत्या होती. बाबांची थोरली बहीण. सासर खालापूरचं, पण तिथे हिचं कुणाशी पटलं नाही म्हणून ही कायमची माहेरी आली. आणि ती निघाली त्या दिवशी खालापुरात त्या घरी काय आनंद झाला असेल, हे मला पुढे हळूहळू कळत गेलं. बाबांची आई लवकर गेली, त्यांना आत्यानेच वाढवलं. त्यामुळे सहा फुटी, मिशाळ, गावकीत चार शब्द बोलणारे माझे बाबा आत्यापुढे उभे राहिले की नाक पुसायला उभ्या केलेल्या पोरासारखे दिसायचे. काही विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘‘अक्का म्हणते तर असंल.’’ माझ्या आईला त्या घरात चूल होती, पण चुलीवर काय चढणार ते आत्या ठरवायची. कारण माळ्याची शिडी आत्याच्या ताब्यात. ती शिडी ती आपल्या अंथरुणाशेजारी भिंतीला आडवी लावून ठेवायची आणि दुपारी तिच्यावर एक हात टाकून झोपायची. लोकांच्या कमरेला किल्ल्या असतात, आमच्या आत्याला शिडी होती.

माळ्यावर काय नव्हतं ते विचारा. राख चोळलेले कडवे वाल, आंबोशी, मीठ घालून वळलेले चिंचेचे गोळे, आमसुलं, सांडगे, पापड, फणसाच्या आठळ्या, सुकट, बोंबील. एकावर एक मडकी रचलेली उतरंड, सगळ्यात खाली पोटाचं मोठं मडकं, वर लहान होत होत शेवटी मुठीएवढं बोळकं. पावसाळ्याची बेगमी सगळीच घरं करतात, त्यात नवल नाही. नवल आत्याच्या नियमात होतं. जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. ऐकायला किती शहाणपणाचं! पण जुनं कधी संपायचंच नाही, ते संपेपर्यंत नवं जुनं व्हायचं, आणि मग त्याची पाळी यायची. म्हणजे उन्हात बसून, कावळे हाकलून, हाताची कातडी सोलून आम्ही पापड करायचो ते ताजे, आणि खायचो ते खवट. कुरकुरीत पापड मी पहिल्यांदा खाल्ला तो माझ्या स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हा मला वाटलं की सासरच्यांनी काहीतरी वेगळाच पदार्थ केलाय. लढाईचे दिवस होते, बाजारात धड काही मिळत नव्हतं, तेव्हा तर आत्याला ऊतच आला. ‘‘बघा, मी व्हते म्हनून जगताय,’’ ती ताटावर ताट वाढता वाढता म्हणायची. वालात सोंडे निघाले आणि मी ते वेचून बाजूला काढायला लागले तर माझ्या हातावर चापट बसायची. ‘‘सोंडा जनमभर काय खातो गं? वालच ना? मंग तो बी वालच.’’ या तर्कापुढे कोण काय बोलणार!

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात काही संपत नसे. म्हणजे ‘संपलं’ हा शब्द तोंडातून काढायची चोरी होती. मीठ संपलं असेल तर म्हणायचं, मीठ वाढलं. तांदूळ वाढले, तेल वाढलं. बांगडी फुटली तर ती वाढवली, दिवा विझवायचा तो मोठा करायचा. पुष्कळ घरांत ही रीत होती, अजून म्हाताऱ्या बायका पाळतात, पण आत्या त्यात फौजदार होती. लहानपणी मी एकदा ‘‘आये, गूळ संपला’’ असं ओरडले तर तिने माझं तोंड दाबून मला देवापुढे नेऊन नाक घासायला लावलं. संपतं ते माणूस, असं ती म्हणायची. अमका संपला म्हटलं की तिरडी बांधायला घ्यायची. बाकी लक्ष्मी असते आणि लक्ष्मी वाढते. आता डब्याच्या बुडाला हात लागल्यावरही लक्ष्मी वाढते म्हणणारी माणसं आणि डबा भरलेला असताना पोरांना सोंडे चारणारी माणसं एकच, हे मी त्या वयातही पाहून ठेवलं होतं.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली ती पोशीरची. सुंदरा तिचं नाव. गोल चेहऱ्याची, बोलकी, हसायला लागली की हातातलं काम खाली ठेवून हसणारी. मी तिच्याहून लहान, पण नात्याने नणंद, म्हणून ती मला ‘धाकट्या वन्सं’ म्हणायची आणि म्हणताना स्वतःच फिसकन हसायची. दादा खोपोलीला कारखान्यात होता, तिथेच चार जणांत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याचा सगळा संसार ‘बघू’ या एका शब्दावर उभा होता.

वहिनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे दुमत नसतं. चैत्र सरता सरता तिचे वडील, त्यांना सगळे गणूतात्या म्हणायचे, गाडी घेऊन न्यायलाही आले. पण त्याच दिवशी नेमकी उतरंड उतरवायला काढलेली. नवी बेगमी चढायच्या आधी माळा रिकामा करायचा असतो. आत्या वर, वहिनी शिडीच्या पायथ्याशी, आणि आत्याने वरून दिलेलं पहिलं मडकं वहिनीच्या हातात. तेवढ्यात तात्या दारात. आत्या शिडीवरूनच म्हणाली, ‘‘आता कशी न्याल? जिच्या हातानं उतरंड हलली, तिच्याच हातानं रिती व्हायला पायजे. मधी हात बदलला तर घराला बरकत ऱ्हात नाय.’’ हे शास्त्र आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. मागच्या साली मडकी मी उतरवली होती आणि रांधली आईने, तेव्हा बरकत कुठे गेली नव्हती. पण बाबा म्हणाले, अक्का म्हणते तर असंल. दादा तिथेच होता, तो म्हणाला, बघू. आणि गणूतात्या, मुलीचे बाप ना, त्यांनी हात जोडले. ‘‘बरं. आवरलं की निरोप धाडा. त्याच दिशी गाडी जुपतो.’’ तीन पुरुष, आणि एका शिडीवरच्या बाईपुढे तिघांच्याही तोंडाला कुलूप. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

वहिनी त्या दिवशी हसली, म्हणाली, आठ दिवसांचं तर काम आहे. तिला आत्या अजून कळली नव्हती. रोज एक मडकं खाली यायचं, वहिनीने ते निवडायचं, रांधायचं आणि आम्ही ते गिळायचं. सकाळी वालाचं बिरडं, संध्याकाळी वालाचंच कालवण. आंबोशी इतकी काळी पडलेली की आईने ती आधी जोड्याचं कातडं समजून बाजूला ठेवली होती. आठळ्यांचे दगड झालेले. त्या उकडायला ठेवल्या की रात्र व्हायची आणि तरी दाताखाली कडकड वाजायच्या. बोंबील भिजत घातले की सगळ्या आळीची मांजरं आमच्या परड्यात. आणि आता झालं, आता माळा दिसायला लागला, असं वाटलं की वरून आत्याचा आनंदाने भरलेला आवाज यायचा, ‘‘अगं बया! ह्ये तर मी इसरलेच व्हते!’’ दुसऱ्या कुणाला विसरलेलं सापडलं तर शरम वाटते. हिला धन सापडायचं.

वहिनीचं हसणं हळूहळू बंद झालं. एका दुपारी परड्यात भांडी घासताना तिने मला सांगितलं तेव्हा मला कारण कळलं. तिची थोरली बहीण तिच्या सासरी बाळंतपणातच गेली होती. त्यांनीही असंच आज धाडतो, उद्या धाडतो केलं. नदीला पाणी आलं, उतार बंद झाला, आणि माहेरचं माणूस पोचायच्या आत सगळं होऊन गेलं. ‘‘धाकट्या वन्सं,’’ ती म्हणाली, ‘‘मला मराया भ्या नाय वाटत. पन आयेच्या हाताखाली असले म्हंजे मी मरनारच नाय, असं वाटतं बघा.’’ हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, डोंगराकडे बघत होती. डोंगरावर ढग जमायला लागले होते. मी हे आईला सांगितलं. आईने ते बाबांना सांगितलं. बाबांनी आत्याला सांगितलं, आणि आत्या म्हणाली, ‘‘मंग हात चालव म्हनावं जरा.’’

शेवटी तळातलं मडकं निघालं. तोंडाला फडकं, त्यावर शेणमातीचा लेप. फोडलं तर आत काळं, चिकट, चकाकणारं काहीतरी. बाबा म्हणाले, काकवी. आई म्हणाली, चिंच. आत्याने बोट घालून चाटलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, ‘‘चांगलं हाय.’’ काय आहे ते तिलाही सांगता आलं नाही, फक्त चांगलं आहे एवढं कळलं! त्याचं सार केलं. आम्हा सगळ्यांची पोटं बिघडली आणि वहिनी तर न्हाणीत बसून इतकी ओकली की आईने घाबरून तिचं डोकं धरलं. ‘‘पोटुशीला उलट्या व्हायच्याच,’’ आत्या म्हणाली आणि स्वतः परसाकडे पळाली. मला फार समाधान वाटलं.

पण मडकं रिकामं झालं होतं, हे तिलाही नाकारता येईना. ठाकरवाडीची सोमी आमच्याकडे मोळी टाकून पुढे नेरळच्या बाजारी जायची, पोशीर तिच्या वाटेवर. आत्याने तिला बोलावून मोठ्या दिमाखात निरोप सांगितला, ‘‘गणूतात्यास्नी सांग, आमच्याकडचं समदं वाढलं.’’ वहिनीने त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं. दुसऱ्या दिवशी वेणी घालून ओटीवर बसली. गाडी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसली. मग बसायची, पण वेणी घालेना. आत्या येता जाता म्हणायची, ‘‘बघा की, म्हायेरच्यांनाच घाई नाय! आमी अडवतो व्हय?’’ आणि बसलीच आहेस तर एवढं कर म्हणून तिने वाशाला टांगलेलं, सगळे विसरून गेलेलं बोंबलांचं एक गाठोडं काढून तिच्यापुढे टाकलं. वहिनीने ते पुढ्यात ओढलं. त्या रात्री ती माझ्याशेजारी झोपली होती. म्हणाली, ‘‘तात्या मला इसरले.’’ बस, एवढंच.

आईने आजवर आत्याला उलट शब्द केला नव्हता. तेव्हाही केला नाही; आत्या देवळात जायची वाट बघून ती मागच्या दाराशी उभी राहिली आणि सोमी मोळी घेऊन आली तशी तिला चुलीजवळ ओढून नेलं. ओली लाकडं, घरभर धूर, आणि आई रागाने रडत होती की धुराने, मला सांगता येणार नाही. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, ‘‘सोमे, मागच्या टायमाला निरोप पोचवलास ना?’’ सोमी म्हणाली, ‘‘पोचवला की. सांगितलं, त्यांच्यात वाढलंय, अजून लय हाय.’’ आई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. चूक सोमीची कुठे होती! तिच्या वाडीत वाढलं म्हणजे वाढलं आणि संपलं म्हणजे संपलं. माणसांसारखं बोलणारी माणसं ती. उलटं बोलायची हौस आमची. आईने तिचा हात धरला. ‘‘आता एकच शबुद सांग. तुझ्या पदरचं त्यात काय घालू नको. त्यास्नी म्हनावं, संपलं. म्हन बघू.’’ ‘‘संपलं,’’ सोमी म्हणाली. त्या घरात तो शब्द असा उघड मोठ्याने उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या अंगात गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तो असा की कुणी शर्यतीत गाडी घातली आहे. आळीतल्या बायका दारात आल्या. गाडी थांबायच्या आत गणूतात्या खाली उतरले, उतरले कसले, पडले. डोक्यावर टोपी नाही, पायात वहाण नाही. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मागे वहिनीची आई, तिला दोन बायांनी धरलेलं. आमचे बाबा ओट्यावर बसून तंबाखूला चुना लावत होते. तात्या त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. बाबा म्हणाले, ‘‘या, या. तंबाखू?’’

‘‘कुठं हाय?’’ तात्या म्हणाले.

‘‘कोन?’’

‘‘सुंदरा! माजी सुंदरा कुठं ठेवलीया?’’

‘‘पडवीत असंल,’’ बाबा म्हणाले. ‘‘बोंबील निवडतीया.’’

तात्या मटकन पायरीवर बसले. तेवढ्यात आवाज ऐकून वहिनी बाहेर आली, हात बोंबलांनी बरबटलेले, केस पिंजारलेले, पोट पुढे. तिच्या आईने एक किंकाळी फोडली आणि तिला अशी मिठी मारली की मला वाटलं आता दोघी पडतात. वहिनी आधी गोंधळली, मग हसायला लागली, ‘‘अगं, अगं, हात घान हायती माजे! मला काय झालंय रडाया? इतक्या उशिरा का आलात मंग?’’ आणि मग तिची नजर तात्यांच्या काखेत गेली. कागद फाटून आतलं कापड दिसत होतं. हिरवंगार, जरीच्या काठाचं नवं लुगडं. ‘‘अगं बया, हिरवं लुगडं! आनि केवढं भारी! तात्या, मला न्यायला आनलंत?’’

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली तर तिला शेवटचं नेसवायला हिरवं लुगडं माहेरचं लागतं. आळीतल्या सगळ्या बायांना ते माहीत होतं. दारादारांत उभ्या होत्या, एकीच्या तोंडून चकार शब्द आला नाही. तात्यांनी मान वर केली.

‘‘व्हय बाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुलाच आनलं.’’

‘‘जा, हात धुव आनि आत्ताच घडी मोड,’’ तिची आई म्हणाली. ‘‘माझ्या डोळ्यापुढं नेस.’’ दोघी आत गेल्या. मग तात्यांनी हळू आवाजात सांगितलं. पहिला निरोप आला, अजून लय हाय. ते म्हणाले असेल, मोठं घर आहे. काल सांजेला दुसरा आला, नुसतं, संपलं. कुणी सांगितलं विचारलं तर सोमी म्हणाली, सासूबाईंनी, डोळ्याला पदर लावून. ‘‘घरातल्या जिनसाला कुनी संपलं म्हनतं का, इहीनबाई?’’ तात्या म्हणाले. ‘‘थोरलीच्या टायमाला बी असाच एक शबुद आला व्हता.’’ रात्रभर कुणी झोपलं नव्हतं, सकाळी नेरळला दुकान उघडायच्या आधी जाऊन ते दाराशी बसले होते. लुगडं घ्यायला.

आई भिंतीला टेकली. आत्या मात्र पुढे झाली. एवढं ऐकूनही तिच्या तोंडाचा पट्टा बंद नव्हता. ‘‘तरी मी म्हनते, भरल्या घरात असला शबुद काढायचा नसतो! बघा काय अवदसा आली ती. मी कसा नीट निरोप दिला व्हता!’’ आणि तेव्हा माझ्या आईने, पदर कमरेला खोचून, आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर दिलं. ‘‘तुमच्या नीट निरोपानं पोर हितं बोंबील निवडीत बसली, वन्सं. माझ्या अवदशेनं गाडी तरी आली. आता शिडी सोडा आनि बाजूला व्हा, तिला वाट द्या.’’ आत्या बाजूला झाली. बाबांनी सवयीने तोंड उघडलं होतं, आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

वहिनीला पोशीरला मुलगा झाला, आईच्या हाताखाली, आणि दोघं खणखणीत राहिली. परत ती आमच्या घरी नांदायला आलीच नाही. आईने दादाच्या पाठीस लागून लागून त्याला खोपोलीत खोली घ्यायला लावली, आणि बघू बघू म्हणत का होईना, त्याने ती घेतली. आत्या पुढे पुष्कळ जगली. माणसाला शिळं मानवतं म्हणतात ते तिच्याकडे बघून पटायचं.

ते लुगडं वहिनीने वर्षानुवर्षं नेसलं. सणाला, हळदीकुंकवाला, मुलाच्या लग्नाला, काठ विरेपर्यंत. कुणी विचारलं की ती सांगायची, मला बाळंतपणाला न्यायला माझे तात्या अनवाणी आले होते, आणि माझ्यासाठी हे घेऊन आले होते. असं लुगडं कुणाचा बाप लेकीला आणत नाही. माझी आई शेजारी बसलेली असली तर म्हणायची, ‘‘नाय गं बाय, कुनी आनत नाय.’’ वहिनी गेली तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिला आम्ही कुणी कधी सांगितलं नाही.